बुधवारचं टिपण

मंत्र्यांनी "नऊ ऑक्टोबरचा तो फोन" असं म्हटलं, तेव्हा समिती-सचिव मेरेरिद प्रॉसर हिचं पेन कागदावर थांबलं. खोलीत बाकी कुणाचंच काही थांबलं नाही. दोन सदस्य कानाला हेडफोन लावून दुभाष्याचा आवाज ऐकत होते, तिसरा पाणी ओतून घेत होता, आणि अध्यक्ष एल्वेद वॉन नेहमीसारखे हनुवटीला बोट टेकवून शांत बसले होते.

त्या फोनबद्दल मंत्र्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

मामला तसा कोरडा होता. लंडनच्या संसदेत किनाऱ्यांविषयीचं एक विधेयक चाललं होतं. वेल्सच्या खाड्यांतल्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, कुणी, कधी आणि किती काढायच्या याचे नियम आजवर इथे, कार्डिफमध्ये होत. नव्या विधेयकातल्या एका कलमाने तो अधिकार लंडनच्या मंत्र्याकडे जाणार होता. त्याने इथल्या सरकारला नुसतं विचारायचं, उत्तर ऐकायलाच हवं असं नाही. असं विधेयक आलं की इथल्या सभागृहाने त्याला संमती द्यावी की नाही, हे आधी मेरेरिदच्या समितीने तपासून सांगायचं. त्याला जोडून आणखी एक रिवाज होता. लंडनच्या सरकारशी बोलायला बसण्याआधी इथल्या मंत्र्याने समितीला पत्राने कळवायचं. मंत्री हेविन रोलंड्स यांनी एकामागून एक तीन पत्रांत कळवलं होतं, की या कलमावर दोन सरकारांत अजून एकदाही बोलणं झालेलं नाही.

ते खोटं आहे हे समितीला कळलं ते नेस्टा बेननमुळे.

नेस्टा खाडीत तिसऱ्या काढणारी, साठी उलटलेली बाई. मेरेरिदच्या आईचं माहेर त्याच गावचं, नेस्टाच्या घराला भिंत लागून. जानेवारीत मेरेरिद तिच्याकडे दोनदा जाऊन आली होती. पहिल्या खेपेला नेस्टा हवापाण्याचं बोलली. दुसऱ्या खेपेला म्हणाली, गेल्या ऑक्टोबरच्या नऊ तारखेला मंत्र्यांच्या खात्यातल्या एका माणसाचा फोन आला होता. मेलेल्या तिसऱ्यांचा आकडा या महिन्यात भरू नकोस, म्हणाला. लंडनशी बोलणी चालली आहेत, वाईट आकडा गेला तर आपली बाजू लंगडी पडेल. नेस्टाने आकडा भरला नाही. न भरणं हा तिच्या परवान्याच्या अटीचा भंग होता, आणि परवाना एप्रिलमध्ये नवा व्हायचा होता.

"म्हणजे बोलले की मीच अडकते," नेस्टा म्हणाली होती.

"बंद बैठकीत बोललीस तर नाव येत नाही, मावशी. कागदावर 'साक्षीदार तीन' एवढंच."

"आणि तो कागद कोण कोण वाचतं?"

"सहा सदस्य, आमचे वकील आणि मी."

"आठ जण. आमच्या गावात आठ जणांना कळलं की चर्चमधल्या घंटेलाही कळतं."

"ते गाव आहे. ही समिती आहे. माझा शब्द आहे तुला."

नेस्टा हात एप्रनला पुसून म्हणाली होती, "तुझी आई लबाड नव्हती. येते मी."

ती आली, बंद दाराआड चाळीस मिनिटं बोलली आणि दुपारच्या गाडीने परत गेली.

आता उघड्या बैठकीत, कॅमेऱ्यांसमोर, मंत्री रोलंड्स सांगत होते: "किनाऱ्यावरच्या कुणाला आकडा भरू नका असं बजावलं गेलं, असं जर कुणाचं म्हणणं असेल, तर नऊ ऑक्टोबरचा तो फोन म्हणजे निव्वळ कार्यालयीन सल्ला होता. आमच्याकडे त्याची नोंद आहे. त्यावरून बोलणी चालली होती असा अर्थ काढणं अन्यायाचं होईल."

सदस्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना साक्षीदार तीन माहीत होती, तिचं म्हणणं माहीत होतं. तारीख मात्र कुणालाच आठवत नव्हती. बंद बैठकीत ती एकदाच उच्चारली गेली होती आणि त्यांच्या कागदांत ती नव्हती.

मेरेरिदला आठवत होतं, की पाच मिनिटांपूर्वी मंत्र्यांनी आणखी एक गोष्ट केली होती. "समितीला कलम चौदा, पोटकलम तीनची काळजी वाटते," असं ते म्हणाले होते. त्यावर उत्तरेकडच्या एक सदस्य बाई हसल्या होत्या. "मंत्रिमहोदय, तुम्ही गेल्या आठवड्यातलं विधेयक वाचताय. आमच्याकडे त्याचं पंधरा झालंय."

"पंधरा," अध्यक्ष एल्वेद वॉन चटकन म्हणाले होते. "मंत्रिमहोदयांना पंधराच म्हणायचंय. चला पुढे."

तेव्हा मेरेरिद फक्त हसली होती. आता तिने दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी लिहिल्या आणि खाली रेघ ओढली.

कामाचा क्रम ठरलेला होता. साक्ष सोमवारी असली की मेरेरिद आदल्या बुधवारी प्रश्नांचं टिपण लिहायची आणि त्याची एकच प्रत एल्वेदना द्यायची. ते घरी नेऊन हिरव्या शाईने खुणा करायचे, गुरुवारी सकाळी फोनवर बोलायचे, मग सुधारलेलं टिपण शुक्रवारी सगळ्या सदस्यांना जायचं. अकरा वर्षांत हा क्रम एकदाही चुकला नव्हता. या वेळच्या बुधवारच्या टिपणात तिने फोनची तारीख लिहिली होती, कारण पत्रांच्या तारखांशी ती जुळवून दाखवायची होती. गुरुवारी समितीचे वकील इथेल यांनी मसुदा चाळून विचारलं होतं, "त्या दिवशी खात्यातून खाडीवर असे किती फोन गेले असतील?" तिने तारीख लगेच काढून टाकली. त्याच गुरुवारी लंडनच्या वरिष्ठ सभागृहाने विधेयकात एक नवं कलम घुसवलं, खालची सगळी कलमं एकेकाने सरकली, आणि चौदाचं पंधरा झालं. तिने आकडे बदलले. शुक्रवारच्या टिपणात पंधरा होतं आणि तारीख नव्हती.

चौदा आणि तारीख हे दोन्ही एकत्र असलेला कागद जगात एकच होता.

बैठक संपल्यावर इथेल तिला जिन्याजवळ गाठून म्हणाले, "बाई, तुझ्या टिपणाला पाय फुटलेत."

"शुक्रवारच्या नाही."

इथेलनी चष्मा काढला, मफलरने पुसला, परत घातला. पंचवीस वर्षं कलमं वाचलेला माणूस. त्याला फार सांगावं लागत नाही. "म्हणून चौदा," ते म्हणाले. "मंत्र्याच्या स्वतःच्या वकिलांनी ते पाहिलं असतं तर पेन्सिलने गोल केला असता. त्यांना दाखवण्याजोगा कागद नव्हता तो. चोरीचा माल शिंप्याकडे मापाला नेता येत नाही."

"बुधवारचा कागद एकाकडेच जातो, इथेल."

"ते मला माहीत आहे. मी मुद्दाम म्हटलं नाही."

"नियम काय सांगतो?"

"गोपनीय कागद फुटल्याची तक्रार सचिवाने लेखी करायची." त्यांनी मफलर सारखा केला. "समितीच्या अध्यक्षांकडे. चौकशी करायची की नाही हे त्यांनी ठरवायचं. नियम आपणच लिहिलाय. तेव्हा दूध राखायला मांजर बसेल असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं."

मेरेरिदने तक्रार लिहिली. सात ओळी झाल्या. एकही विशेषण नव्हतं.

एल्वेद वॉन यांची खोली तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून गोदीचं पाणी दिसायचं. सत्ताधारी पक्षाचे असून सत्तेला न भिणारे म्हणून त्यांचं नाव होतं. मेरेरिदचा नवरा आजारी होता त्या हिवाळ्यात त्यांनी सहा आठवडे बैठका दुपारी घेतल्या होत्या, कारण सकाळी तिला इस्पितळात जावं लागायचं. कारण विचारणाऱ्यांना ते सांगत, सकाळी माझं डोकं चालत नाही.

"बस," ते म्हणाले.

"उभी बरी आहे."

त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि किटलीचं बटण बंद केलं.

"चौदा," मेरेरिद म्हणाली.

"त्या रोलंड्सला काही सांगून उपयोग नाही," एल्वेद म्हणाले. "आज सकाळी मी बजावलं होतं, बाबा रे, आता पंधरा झालंय. त्याने मान हलवली. कागदावर मात्र लिहून घेतलं नाही."

तिने दोन मजले चढताना बरंच काही मनात जुळवलं होतं. ते नाकारतील, मग ती तारखेचा विषय काढेल, मग ते चिडतील. इतक्या सहज कबुलीसाठी तिची तयारी नव्हती.

"तुम्ही त्यांना टिपण दिलंत."

"वाचायला दिलं. परत घेतलं. हे बघ, मेरेरिद, हे त्याच्या अंगावर अचानक आलं असतं आणि तो उघड्या बैठकीत तोंडघशी पडला असता, तर पाय रोवून बसला असता. लंडनकडे एक शब्द मागायला गेला नसता. मी त्याला आधी दाखवलं, की बघ, आमच्याकडे काय आहे. मग म्हटलं, आता जा आणि ते कलम बदलून आण. तो गेला. शुक्रवारी गेला. हे बघ काय आणलं."

त्यांनी खणातून पत्र काढलं. लंडनच्या मंत्र्याची सही होती. इथल्या सरकारची संमती घेणं कलमात बंधनकारक करण्याच्या सूचनेचा सहानुभूतीने विचार केला जाईल, असं त्यात होतं. मेरेरिदने ते दोनदा वाचलं.

"विचार केला जाईल," ती म्हणाली.

"सहानुभूतीने."

"एल्वेद, असल्या पत्रांना हसायचं कुठे हे मला तुम्हीच शिकवलंत. ओळीवर बोट ठेवून शिकवलंत."

"अकरा वर्षं हसलो आपण. किती कायदे बदलले? आपण अहवाल लिहायचा, हरकत नोंदवायची, लंडनने आभार मानायचे आणि हवं ते करायचं. लग्नात रुसून बसलेल्या मामासारखी अवस्था आहे या समितीची. त्याच्यावाचून अक्षता पडायच्या राहतात का?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "मला एकदा तरी काहीतरी हातात घेऊन परतायचं होतं."

"तुमच्या हातात नेस्टा बेनन होती. ती दिलीत."

"तिचं नाव कुठे होतं त्यात? साक्षीदार तीन."

"तारीख होती. त्या दिवशीच्या फोनची नोंद त्यांच्याकडे आहे. आज तेच सांगितलं ना त्यांनी?"

एल्वेद खिडकीकडे वळले. बाहेर एक बोट धक्क्याला लागत होती, ती पुरती लागेपर्यंत ते तिकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तारीख तू लिहिलीस, मेरेरिद."

ते खरं होतं. ते तिला कुठे लागेल हेही त्यांना नेमकं माहीत होतं. अकरा वर्षं शेजारी बसलेल्या माणसाला माहीत असतं.

तिने पाकीट टेबलावर ठेवलं. "कागद फुटल्याची तक्रार. नियमाप्रमाणे तुमच्याकडे."

त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि डावीकडच्या ट्रेमध्ये, इतर टपालावर ठेवलं. "वाचतो," ते म्हणाले. "चौकशीची गरज आहे का ते कळवतो." ती दाराशी गेल्यावर त्यांनी मागून विचारलं, "अहवालाचा मसुदा बुधवारी मिळेल ना?"

संध्याकाळी तिने नेस्टाला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तो वाजून वाजून बंद झाला.

मंगळवारी ती रजा टाकून गावाला गेली. ओहोटी सकाळी नऊची होती. खाडीचा तळ मैलभर उघडा पडला होता आणि दूरवर वाकलेली चार-पाच माणसं दाताळ्याने वाळू ओढत होती. नेस्टा त्यांच्यात नव्हती. ती घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिसऱ्या उकडत होती. वाफेने खिडकीच्या काचा आंधळ्या झाल्या होत्या. मेरेरिद आत आली तेव्हा तिने मान वळवली नाही.

"फोन आला होता," नेस्टा म्हणाली. "तुझा नव्हे. तू केलास तेव्हा मी उचलला नाही. त्यांचा आला, त्याच्या आधी, चारच्या सुमाराला. परवाना फेरतपासणीसाठी ठेवलाय म्हणे. मी विचारलं, माझ्या एकटीचाच का? तर म्हणाला, बाई, तुम्हाला ठाऊक असेल."

"मावशी, मी सांगायलाच आले आहे."

"सांग."

मेरेरिदने सांगितलं. बुधवारचं टिपण, हिरवी शाई, चौदाचं पंधरा, मंत्र्यांचं बोलणं, अध्यक्षांची कबुली. नेस्टा मधूनमधून झाऱ्याने भांड्यातल्या तिसऱ्या हलवत होती. उघडलेल्या वर येत होत्या, न उघडलेल्या ती वेचून बादलीत टाकत होती.

"त्या वॉनला मी ओळखत नाही," ती शेवटी म्हणाली. "टीव्हीवर पाहिलाय. बोलतो छान. पण मला शब्द त्याने दिला नव्हता."

"नव्हता."

"तारीख त्याने लिहिली होती?"

"नाही. मी लिहिली. नंतर काढली, पण आधी लिहिली."

नेस्टाने गॅस बारीक केला.

"मग आता काय करणार तुम्ही?"

मेरेरिद जन्मली तेव्हा ही बाई तिच्या आईच्या उशाशी बसलेली होती. आजवर तिने मेरेरिदला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

"येत्या सोमवारी बंद बैठकीत सगळ्या सदस्यांना सांगणार आहे. मला नोकरीवरून काढलं तरी."

"बंद." नेस्टाने झारा खाली ठेवला. "म्हणजे पुन्हा आठ जण, पुन्हा कडी लावून. तुम्हा लोकांचं बरं असतं. विश्वासघात बंद खोलीत होतो, त्याचं सुतकही बंद खोलीतच पाळता."

"दुसरा मार्ग नाही माझ्याकडे."

"माझ्याकडे आहे का? मी दिलेली साक्ष कुणाची असते? तुमची की माझी?"

मेरेरिदला प्रश्न कळायला क्षण लागला. हा नियम तिने शंभर साक्षीदारांना वाचून दाखवला होता, पण त्यातलं हे टोक कुणी कधी धरलं नव्हतं. "तुझी," ती म्हणाली. "बंद दाराआड घेतलीय ती तुझ्यासाठी. तू सही करून सांगितलंस की उघडी करा, तर सदस्यांना ती छापता येते, नावासकट. मग अहवालात म्हणता येतं, की मंत्र्यांनी तीन पत्रांत खोटं लिहिलं, आणि हे सांगणारी बाई ही. पण एकदा उघडी झाली की परत झाकता येत नाही. परवान्याचं मी काहीच सांगू शकत नाही, मावशी. बहुतेक जाईलच."

"तो कालच गेला. साक्षीदार तीन म्हणून गेला तर लोक म्हणतील, म्हातारीने आकडे लपवले. जायचाच तर नावाने जाऊ दे. लिहा."

मेरेरिदने पिशवीवर कागद ठेवून लिहिलं. वाफेने कागद मऊ पडत होता आणि पेन मधेच अडत होतं. लिहून झाल्यावर नेस्टाने तो दारातल्या उजेडात नेऊन ओठ हलवत वाचला आणि परत आणला.

"'सुमारे चाळीस पोती मेलेली' असं काय लिहिलंय? त्रेचाळीस. मी मोजली होती. भरली नव्हती, एवढंच."

मेरेरिदने खोडून त्रेचाळीस केलं. नेस्टाने खोडलेल्या जागी आधी सही केली, मग खाली केली.

"आता हे पहिल्यांदा कुणाच्या हातात जाणार?"

रिवाजाप्रमाणे समितीकडे येणारा प्रत्येक कागद आधी अध्यक्षांकडे जाई. मेरेरिदने मोबाइल काढून कागदाचा फोटो घेतला, सहाही सदस्यांची नावं एकाच ओळीत घातली, इथेलचं घातलं, आणि खाली लिहिलं: साक्षीदाराच्या लेखी इच्छेनुसार ही साक्ष आता गोपनीय नाही. बुधवारच्या टिपणाची एकमेव प्रत अध्यक्षांकडे होती, हेही सदस्यांच्या माहितीसाठी. तिने तो मजकूर नेस्टाला वाचायला दिला. नेस्टाने वाचला, मान हलवली. मेरेरिदने पाठवला.

मिनिटभरात फोन थरथरला. पडद्यावर एल्वेद वॉन यांचं नाव आलं. दोघींनीही ते पाहिलं. तो थरथरून थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

"उचला की," नेस्टा म्हणाली. "तुमचाच माणूस आहे."

मेरेरिदने फोन पालथा करून पिशवीत टाकला.

नेस्टाने गमबूट चढवले, दाताळं उचललं, शेडच्या कोपऱ्यातलं ओलं पोतं दाराकडे ओढायला घेतलं. भरतीला तास-दीड तास होता आणि परवाना कागदोपत्री अजून एप्रिलपर्यंत होता. मेरेरिदने वाकून पोत्याचं दुसरं टोक धरलं.

"राहू द्या," नेस्टा म्हणाली, आणि तिच्या हातातून ते सुटेपर्यंत थांबून एकटीच ओढत बाहेर घेऊन गेली.